न झालेले तीन मंगळवार

रविवारी सकाळी मी पंचवटीत भाजीबाजारात होते. मेथीच्या दोन जुड्या घेऊन झाल्या होत्या, हातातल्या यादीवर खूण केली होती आणि मी आलं निवडत होते, तेव्हा आहेर भाऊजींचा फोन आला. "सुरेखाताई, मीना गेली," एवढंच म्हणाले. मागे दवाखान्यात कोणीतरी कोणाला तरी नाव घेऊन हाका मारत होतं... मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. यादीत अजून चार वस्तू होत्या. त्या चारही मी घेतल्या, भाव न करता, आणि मग रिक्षात बसले. अतिदक्षता विभागाच्या दारात उभी असताना माझ्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती, आणि त्या कोथिंबिरीची मला इतकी लाज वाटली की मी पिशवी पायाने खुर्चीखाली ढकलली. याला आता काही आठवडे झाले. रडून झालं आहे. आता जे उरलं आहे तो राग आहे, आणि तो नीट मांडून ठेवावा म्हणून लिहायला बसले आहे.

मीनाक्षी आहेर आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगची ओळख हा विषय शिकवायची. अकरा वर्षं तोच एक विषय. मी, सुरेखा निकम, त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. तीस कॉम्प्युटर, त्यातले चालू सव्वीस, त्यांचे माउस, कीबोर्ड, खुर्च्या, पंखे आणि किल्ल्या, हे सगळं माझ्या वहीत आहे. ती शिकवायची, मी मोजायचे. ती गेल्यावर चौथ्या दिवशी कॉलेजने शोकसभा घेतली, दोन तासांच्या मधल्या वीस मिनिटांत. फोटोला हार होता. विभागप्रमुख म्हणाले, आहेर मॅडम आमच्या परिवाराच्या आधारस्तंभ होत्या आणि त्यांनी प्रयोगशाळा कायम शिस्तीत ठेवली. मी मागच्या रांगेत बसले होते. आधारस्तंभ? ती अकरा वर्षं करारावर होती. दर जूनमध्ये ती स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत द्यायची. उमेदवारांची यादी मी टाईप करायचे, मुलाखतीच्या खोलीत पाण्याचे पेले मी ठेवायचे, आणि दरवर्षी तेच तिघं तिला विचारायचे, "या विषयाचा काही अनुभव?" एका वर्षी ती म्हणाली, "आहे ना सर, तुमच्याच इथला." बाहेर येऊन मला म्हणाली, "सुरेखा, या वर्षी बहुतेक गेलं गं माझं." गेलं नाही, कारण दुसरं कोणी आलंच नव्हतं. आणि शिस्तीचं म्हणाल तर तिच्याइतकी पसारा करणारी बाई मी पाहिली नाही. खडूची भुकटी, सुटे कागद, उघडे राहिलेले पेन, कोणाचा तरी डबा. प्रयोगशाळा शिस्तीत मी ठेवत होते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं.

तिची माझी पहिली गाठ भांडणाने पडली. ती रुजू होऊन दुसरा आठवडा असेल. प्रयोगशाळा उघडायला गेले तर मधल्या टेबलावर अर्धी गोणी कांदे ओतलेले, भोवती सगळा वर्ग उभा आणि एकही कॉम्प्युटर चालू नाही. मीना सटाण्याकडची, भावाच्या शेतातले कांदे एसटीने घेऊन आली होती. विंचूरकडच्या एका मुलाला, जो घरी रोज कांदा निवडायचा, ती विचारत होती, "हा कशात टाकशील?"

"मध्यम."

"कशावरून?"

"दिसतंय ना मॅडम."

"तुला दिसतंय. या कॉम्प्युटरच्या डब्याला डोळे नाहीत. त्याला सांग."

मुलगा सांगायला लागला. एवढ्या मापाच्या वर एक नंबर, त्याखाली मध्यम, त्याहून बारीक गोल्टी. तिने ते फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं, मग एक मोठा, वरून चकचकीत पण बुडाशी सडलेला कांदा उचलला आणि फळ्यावरचं वाचत वाचत एक नंबरच्या ढिगात ठेवला. वर्ग ओरडला. तो मुलगा तर चिडलाच. "मॅडम, असं नाय चालत! आधी सडका बघायचा, मग माप. एक सडका साठवणीच्या चाळीत गेला ना, तर सगळा माल जाईल." ती म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलंस? फळ्यावर ये आणि बदल." त्याने ओळी वरखाली केल्या. कोणती अट आधी तपासायची आणि कोणती नंतर, हे पुस्तकात चार पानांत दिलेलं असतं आणि पोरांना कळत नाही. त्या दिवशी ते त्यांनीच तिला शिकवलं. मला मात्र तेव्हा यातलं काही दिसलं नाही. मला कीबोर्डच्या फटींत गेलेली सालं दिसली. दुसऱ्या दिवशी मी दारावर सूचना लावली, प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणू नयेत. संध्याकाळपर्यंत त्याखाली तिच्या अक्षरात आलं होतं, "कच्चा कांदा खाद्यपदार्थात धरावा काय? कृपया खुलासा व्हावा." खाली सही. मी हसले नाही. घरी गेल्यावर हसले.

आमच्याकडे येणारी पोरं वणी, कळवण, सुरगाणा, सटाणा अशा बाजूंची. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, घरात कॉम्प्युटर नाही, आणि पहिल्याच तासाला समोर इंग्रजीत लाल अक्षरांत चूक येते तेव्हा त्यांना वाटतं की आपण काहीतरी मोडलं. कितीतरी पोरं माझ्याकडे येऊन हळूच म्हणायची, "ताई, भरून द्यावं लागेल का?" मीना त्यांच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि तिच्या गावच्या बोलीत विचारायची, "काय व्हयनं रे भाऊ?" सटाणा-बागलाणकडची पोरं हसायची, बाकीची त्यांना अर्थ विचारायची, आणि तेवढ्यात त्या लाल अक्षरांची भीती कमी झालेली असायची. पण "काय झालं" याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती तिथून हलायची नाही. चूक स्वतः कधी दुरुस्त करून द्यायची नाही. दहा दहा मिनिटं उभी. मला राग यायचा, कारण मला साडेपाचला कुलूप लावायचं असायचं.

आता जर्नलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याभोवती घडलं. ज्यांनी विज्ञान शाखेत शिक्षण घेतलं त्यांना ही वही माहीत आहे. उजवं पान रेघी, डावं कोरं. उजवीकडे प्रोग्रॅम लिहायचा, डावीकडे त्याचं उत्तर. प्रत्येक प्रात्यक्षिकाखाली शिक्षकांची सही आणि तारीख. पहिल्या पानावर प्रमाणपत्र, त्यावर तीन चौकटी: विषय शिक्षक, विभागप्रमुख, बाहेरून येणारे परीक्षक. जर्नल पुरं नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. आणि सगळ्यांना हेही माहीत आहे की जर्नल लिहिलं जात नाही, उतरवलं जातं. मागच्या वर्षीच्याकडून या वर्षीच्याने. पहिल्या वर्षी मीनाने छत्तीस जर्नलं तपासायला घेतली. एक प्रोग्रॅम असा होता की तो नाव विचारतो आणि नमस्कार करतो. छत्तीसच्या छत्तीस वह्यांत उत्तर होतं, "नमस्कार सोनाली". मुलांच्याही. वर्गात सोनाली नावाचं कोणी नव्हतं. मी जुन्या याद्या काढल्या तेव्हा कळलं, सोनाली चार वर्षांपूर्वी पास होऊन गेली होती. मला वाटलं मीना संतापेल. ती वर्गात जाऊन म्हणाली, "ही सोनाली बिचारी चार वर्षं पहिल्याच वर्षात बसली आहे. तिला आता आपण पास करून घरी पाठवू." आणि फळ्यावर नवा नियम लिहिला. डाव्या पानावर उत्तर लिहायचं नाही. तिथे प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवल्यावर काय चुकलं ते लिहायचं, आणि ते कसं शोधलं तेही, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. चूक उतरवता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. उतरवली तर तोंडी विचारल्यावर पकडली जाते.

त्या डाव्या पानांवर काय काय असायचं! "मी पंधरापर्यंत मोजायला सांगितले पण शून्यापासून सुरू केले म्हणून सोळा वेळा झाले." "थांबायचे सांगायला विसरलो, यंत्र थांबेना, निकम ताईंनी बटण बंद केले." खाडाखोड, बाण, शाईचे डाग. मला ती पानं बघवायची नाहीत.

म्हणूनच मी एक गुन्हा केला. तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख म्हणाले, "ही असली जर्नलं दाखवायची? निकम मॅडम, तुम्ही बघा काहीतरी." असं काहीतरी बघायला मला फार आवडतं. चांगल्या अक्षराच्या वीस मुलींची यादी केली, नव्या वह्या दिल्या, दोन दिवसांत वीस जर्नलं स्वच्छ लिहून घेतली. डावीकडे उत्तर, पेन्सिलीने चौकट. समिती खूश झाली. मीनाला कळलं तेव्हा ती प्रयोगशाळेत आली, पोरं गेल्यावर, आणि उभ्यानेच म्हणाली, "सुरेखा, तू त्यांच्याकडून खोटं लिहून घेतलंस. तेही सुवाच्य अक्षरात."

"अगं, वीसच वह्या. दोन दिवसांचा प्रश्न होता."

"त्या वीस जणींना विचार, त्या काय शिकल्या दोन दिवसांत."

त्यानंतर एक अख्खं सत्र ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा वेगळा, डबा वेगळा. मीही हट्टाला पेटले. मग एके दिवशी तिने माझ्या टेबलावर डबा उघडून ठेवला, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि म्हणाली, "खा. भांडून माझं पित्त वाढलंय." माफी तिने मागितली नाही, मीही नाही. मागायला मी हवी होती, हे मला आता लिहिता येतंय.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, माझ्या विरुद्ध जाणारी. प्रयोगशाळेची एक वापर नोंदवही असते. कोणत्या शिक्षकाने किती वाजता वर्ग घेतला, सही. मीना सही करायला हमखास विसरायची. महिनाअखेरीला रिकाम्या जागा बघून माझा जीव कासावीस व्हायचा, म्हणून मी तिला विचारून तिथे तिची छोटी सही करून टाकायचे. म आणि आ, खाली एक रेघ. वर्ग झालेला असायचा, बाई हजर असायची, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. विभागप्रमुखांनी ते कधीतरी पाहिलं होतं. ते तेव्हा काही बोलले नाहीत.

या सत्रात ती खोकत होती. ताप यायचा, जायचा. ती एक आठवडा सुट्टी मागायला गेली तेव्हा मी दाराशीच होते, नवीन माउसच्या मागणीपत्रावर सही घ्यायला. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, सत्र संपत आलंय, आता कोण मिळणार? एवढं ओढून न्या. बसून शिकवा हवं तर." तिने बसून शिकवलं. मंगळवारचं प्रात्यक्षिक तिने खुर्ची एकेका पोरापाशी सरकवत घेतलं. मी तिला घरी जा म्हटलं नाही, मी चाकं असलेली खुर्ची आणून दिली... ही माझी मदत. गुरुवारी तिला दवाखान्यात भरती केलं. न्यूमोनिया. दुसऱ्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता, तो बाजूला करून तिने विचारलं, "मंगळवारची बॅच?"

"चालू आहे. तू नको काळजी करू."

"कोण घेतंय?"

"सर घेतात," मी म्हटलं. साफ खोटं. कोणीच घेत नव्हतं. पोरं यायची, कॉम्प्युटर चालू करायची, बसायची आणि जायची.

ती म्हणाली, "सर घेतायत, म्हणजे डावी पानं कोरी असणार," आणि मास्क परत लावला. ती हसत होती की काय, मास्कमुळे दिसलं नाही. हेच आमचं शेवटचं बोलणं. नंतर तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, आणि अठराव्या दिवशी, रविवारी, ती गेली.

शोकसभेनंतरच्या सोमवारी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. टेबलावर अडतीस जर्नलं रचून ठेवली होती.

"निकम मॅडम, छोटंसं काम आहे. या बॅचची शेवटची तीन प्रात्यक्षिकं राहिलीत सह्यांची. आणि प्रमाणपत्राची पानं. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे."

"पण सर, आहेर मॅडम तर..."

"हो, म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्हाला त्यांची सही येते."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुढे समजावलं, अगदी शांतपणे. वेळापत्रकाप्रमाणे तीन मंगळवारी वर्ग झाले असं कागदोपत्री वर कळवून झालं आहे. आता दुसऱ्या कोणी सही केली तर तीन आठवडे शिक्षकच दिला नव्हता हे उघड होईल. मॅडमची सही असली की प्रश्नच नाही. प्रोग्रॅम मुलं मागच्या वर्षीच्या वह्यांतून उतरवून घेतील. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला, त्यावर तीन तारखा.

यादी हातात आली की मी ती दोनदा वाचते. पहिला मंगळवार, ती दवाखान्यात. दुसरा मंगळवार, ती दवाखान्यात. तिसरा...

"सर, ही तिसरी तारीख बघितलीत का?"

"मंगळवारच आहे ना? त्यांचं मंगळवारीच असतं."

"त्या मंगळवारी सकाळी तिच्या अस्थी रामकुंडात सोडल्या. मी तिथे होते."

एवढ्यावर कोणीही माणूस निदान खाली बघेल. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ती तारीख खोडली, वर आधीच्या शनिवारची तारीख लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बरं झालं लक्षात आणून दिलंत. शनिवार करा. जादा तास घेतला म्हणू." त्या शनिवारी तिच्या घशात नळी होती.

मी नाही म्हटलं. एकदाच म्हटलं, आवाज न चढवता, कारण चढवला असता तर रडले असते आणि मला त्या खोलीत रडायचं नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. मग अडतीस मुलांचं वर्ष तुमच्यामुळे जाईल, एवढं लक्षात ठेवा." आणि त्यांनी तेच मुलांनाही सांगितलं, त्याच दुपारी.

मुलं माझ्याकडे आली. यात त्यांची काही चूक नाही, हे मी पहिल्यांदा सांगते. सुरगाण्याची एक मुलगी, जी कधी मान वर करून बोलायची नाही, ती पुढे आली. "ताई, करून टाका ना सही. तुम्ही वहीवर करायच्याच ना मॅडमची? माझा बाप मला परत पाठवणार नाही. एक वर्ष गेलं की लग्नच." नोंदवहीतली सही आणि ही सही यांत फरक काय, हे अठरा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? तिथे झालेल्या वर्गावर मी सही करत होते, इथे मेलेल्या बाईला मी खोटं बोलायला लावणार होते. हे मी तिला सांगितलं, याच शब्दांत. ती म्हणाली, "ते खरं ताई. पण मग आम्ही काय करायचं?"

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि मी कामाची बाई आहे. मी वही काढली. तीन प्रात्यक्षिकं, अडतीस पोरं, सव्वीस कॉम्प्युटर, हातात चार दिवस. शिकवणारं कोणी नाही. मी वैशालीला फोन केला. वैशाली ही मीनाची सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, वणीची, आता नाशिकमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी पुरतं सांगायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, गुरुवार-शुक्रवार रजा टाकते. कुलूप किती वाजता उघडता?" दोन दिवस, दोन दोन तुकड्या करून, तिने तीनही प्रात्यक्षिकं घेतली. शुक्रवारी दुपारी विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले. वैशाली म्हणाली, "या ना सर, बसा." ते बसले नाहीत. दुरुस्ती ती कोणालाही करून देत नव्हती. त्या सुरगाण्याच्या मुलीच्या खुर्चीमागे ती किती वेळ उभी होती ते मी घड्याळात पाहिलं नाही. डावी पानं भरली. खाडाखोडीसकट.

शनिवारी मी अडतीस जर्नलं घेऊन बसले आणि प्रत्येकात तीन ठिकाणी एक ओळ लिहिली. पहिल्या दोन प्रात्यक्षिकांखाली: "ठरल्या दिवशी प्रात्यक्षिक झाले नाही. विषय शिक्षिका रुग्णालयात होत्या." तिसऱ्याखाली: "ठरल्या दिवशी प्रात्यक्षिक झाले नाही. विषय शिक्षिकेचे निधन झाले होते." त्याखाली प्रात्यक्षिक खरोखर झालं ती तारीख, घेणारीचं नाव, आणि माझी सही, प्रयोगशाळा सहायक. एकशे चौदा वेळा. निधन हा शब्द अडतीस वेळा लिहिला की तो नुसता शब्द होतो, असं मला वाटलं होतं. होत नाही. प्राचार्यांना सगळं पत्राने कळवलं, आवक क्रमांक घेतला, शिक्का मारलेली प्रत घरी ठेवली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मालेगावकडच्या होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, घाईत. पहिलं जर्नल उघडलं, शेवटची तीन पानं वाचली, मग परत पहिल्यापासून सगळं चाळलं. विभागप्रमुखांकडे बघून म्हणाल्या, "बाईंची सही नाही यावर."

ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "नाही. त्या वारल्या."

"ते वाचलं मी." त्यांनी समोरच्या मुलीकडे जर्नल फिरवलं. ती सुरगाण्याचीच होती, बैठक क्रमांकाने तिची पाळी पहिली. "हे डाव्या बाजूला काय लिहिलंय?"

"माझी चूक आहे, मॅडम."

"ते दिसतंय. समजावून सांग."

मुलीने सांगितलं. आधी अडखळत, मग न थांबता, बोटाने बाण दाखवत. परीक्षक बाईंनी दिवसभर पुस्तकातला एकही प्रश्न विचारला नाही. अडतीस जणांना डाव्या पानावरचंच विचारलं. कोणाला जमलं, कोणाला नाही. दोघांनी डावं पानही शेजाऱ्याचं उतरवलं होतं, ते पकडले गेले. संध्याकाळी त्यांनी सगळ्या प्रमाणपत्रांवर आपल्या चौकटीत सह्या केल्या आणि गठ्ठा विभागप्रमुखांपुढे सरकवून तिथेच बसून राहिल्या. त्यांची एसटी होती, त्या घड्याळ बघत होत्या. विभागप्रमुखांनी सह्या केल्या. अडतीस.

चार दिवसांनी मला नोटीस आली. अधिकार नसताना प्रात्यक्षिके घेतली, बाहेरच्या व्यक्तीस प्रयोगशाळेत प्रवेश दिला, आणि महाविद्यालयाच्या दस्तऐवजात फेरफार केला. फेरफार! तो शब्द मी तीनदा वाचला. मी खुलासा दिला आहे, मुद्देसूद, सव्वा पान. केलं ते केलं असं लिहिलं आहे, आणि मीनाला आठवडाभर सुट्टी नाकारली तेव्हा मी दारात उभी होते, हेही लिहिलं आहे. हा लेख छापून आला की नोटिशीत आणखी एक मुद्दा वाढेल. वाढू दे. दरम्यान पुढच्या वर्षासाठी छापील जर्नलं मागवल्याचं पत्रक निघालं आहे. त्यात प्रोग्रॅम आधीच छापलेले असतील, उत्तरंही. पोरांनी फक्त नाव घालायचं. डावं पान नसेलच, कागद वाचतो म्हणे.

चौकशीसाठी ही अडतीस जर्नलं विभागप्रमुखांच्या ताब्यात द्यावीत असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी लेखी मागितलं आहे. लेखी अजून आलेलं नाही. तोवर ती प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात आहेत, वरून दुसऱ्या खणात. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर दोन सह्या आहेत आणि विषय शिक्षकाची चौकट रिकामी आहे. दर मंगळवारी मी कपाट उघडते, अडतीस मोजते, एकेक पान उघडून ती चौकट रिकामीच आहे ना ते बघते, आणि कुलूप लावते.